दोर मजबूत, पण अडकवायचा कुठे? गिरणारे-वाघेरा पट्ट्यात फसलेल्या एका गाडीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधले चार मित्र, चार गाड्या. पावसाळ्यात सुटीच्या दिवशी गिरणारे, वाघेरा, हरसूल या पट्ट्यात, कधी घोटी-भावलीच्या बाजूला कच्च्या रस्त्याने हिंडायचे, ओळखीच्या शेतकऱ्याकडे जेवायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, हा त्यांचा शिरस्ता. स्पर्धेत उतरणारी ही मंडळी नव्हेत. या प्रसंगात मी मागच्या गाडीत होतो आणि नंतरच्या तपासणीत व खरेदीतही होतो. माणसांची नावे आणि शेताचा ठावठिकाणा मुद्दाम दिलेला नाही.

डॉक्टरांची गाडी शिडीच्या चासीची फोर बाय फोर, माणसे-सामान धरून सुमारे २ टनांची. सरांची जिम्नी, पूर्ण भारासह तिचे कमाल वजन १५४५ किलो. भाऊ द्राक्षबागायतदार, त्यांची बोलेरो मागच्या दोनच चाकांवर चालणारी. चौथी गाडी बँकेत नोकरी करणाऱ्या मित्राची मोनोकॉक एसयूव्ही, म्हणजे जिला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी.

ओढकामाचे सामान म्हणाल तर क्रेनवाल्यांकडून आणलेला ६ मीटरचा करड्या रंगाचा बेल्ट, हार्डवेअरच्या दुकानातले दोन शॅकल, म्हणजे पिनेने बंद होणाऱ्या लोखंडी कड्या, आणि एक फावडे, एवढेच होते. डॉक्टरांनी मात्र उन्हाळ्यात गाडीला लोखंडी बंपर बसवून घेतला होता. त्यावर समोरून ठसठशीत दिसणाऱ्या लाल रंगाच्या दोन कड्या होत्या. त्या कड्यांमुळे सगळा गट निर्धास्त होता. “फसलो तर कडीला लावून ओढायचं” यापलीकडे कोणी विचार केलेला नव्हता.

अडचण

ऑगस्टचा पहिला पंधरवडा. आवणी उरकलेली, खाचरे तुडुंब. शेताकडे जाणाऱ्या पाणंदीवर मुरूम टाकलेला होता, पण एका बाजूने तो पाण्याने खालून धुऊन नेला होता. वरून रस्ता शाबूत दिसायचा. डॉक्टरांच्या गाडीची डावी चाके तिथे घसरली आणि खाचरात उतरली. त्यांनी गाडी पुढे काढायला जोर लावला तशी चाके जागीच फिरून तुंब्यापर्यंत, म्हणजे निम्मी खाली गेली आणि गाडीचे पोट बांधावर टेकले.

पलीकडच्या शेतातले आप्पा ट्रॅक्टर घेऊन आपणहून आले. ४५ हॉर्सपॉवरच्या आसपासचा ट्रॅक्टर, मागे साखळी. साखळी लाल कडीत गेली. पहिल्या ओढीला गाडी हलली नाही. दुसऱ्या वेळी आप्पांनी साखळी ढिली सोडून झटका दिला. आवाज असा झाला की आम्हाला वाटले साखळी तुटली. साखळी शाबूत होती. बंपरवरची कडी तिच्या पट्टीसकट उपटून निघाली होती आणि साखळीच्या टोकाला लटकत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळली होती. मडगार्डला पोचा पडला तो आप्पांच्या मांडीपासून वीतभर अंतरावर. बांधावर दोन पोरे मोबाइलवर चित्रीकरण करत उभी होती, ती साखळीच्या रेषेपासून फार तर चार पावलांवर.

कोणाला इजा झाली नाही. गाडी मात्र होती तिथेच होती, पाऊस चालू होता, आणि पुढच्या बाजूला ओढायची भरवशाची जागाच उरली नव्हती.

जागेवरचे पर्याय

इथे पहिला निर्णय घ्यायचा होता, तोही घाबरलेल्या मनाने. तीन मार्ग पुढे आले.

आप्पांचा सल्ला होता की साखळी पुढच्या ॲक्सलला गुंडाळावी. “अहो, आम्ही रोज ओढतो असंच,” ते म्हणाले, आणि ट्रॉली किंवा जुनी जीप ओढताना ते खरेही असेल. पण स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाडीला पुढे सरळ लोखंडी ॲक्सल नसतो. तिथे असतात ते सस्पेन्शनचे हात, स्टिअरिंगच्या दांड्या, ब्रेकच्या नळ्या आणि ड्राइव्हशाफ्ट. साखळी तिथे पडली की गाडी बाहेर येईल, पण स्टिअरिंग वाकडे होऊन. हा पर्याय सोडला.

दुसरा मार्ग जेसीबी बोलावण्याचा. तो यायला संध्याकाळ झाली असती, आणि त्याच्या वजनाने उरलीसुरली पाणंदही बसली असती. शिवाय जेसीबी आला तरी दोर गाडीला कुठे लावायचा हा प्रश्न तसाच राहत होता.

तिसरा मार्ग भाऊंनी सुचवला: गाडी पुढे नेण्याचा हट्ट सोडायचा आणि आली तशी मागे काढायची. मागे कंपनीने दिलेला, थेट चासीला बोल्ट केलेला टोचनचा हुक होता. त्याला कोणी हात लावलेला नव्हता. मागचा मुरूम पक्का होता आणि गाडीने स्वतः पाडलेले चाकोरे तयार होते. ओढायची दिशा आपल्या सोयीने ठरवायची नसते; गाडीची सगळ्यात भरवशाची जागा ज्या बाजूला आहे आणि जमीन जिकडे पक्की आहे, तिकडून ठरवायची असते. भाऊंना हे बागेतल्या ट्रॅक्टरच्या अनुभवाने ठाऊक होते.

प्रत्यक्ष काय केले

आधी ओढ कमी केली. हे काम कंटाळवाणे असते, म्हणून लोक ते टाळतात. चिखलात फसलेली गाडी ओढायला किती जोर लागतो याचा एक जुना ढोबळ ठोकताळा लष्कराच्या रिकव्हरीच्या, म्हणजे फसलेल्या गाड्या बाहेर काढण्याच्या, पुस्तकांत आहे: चाके रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतका, मडगार्डपर्यंत गेली असेल तर दुप्पट, त्याहून वर गेली तर तिप्पट. चढ असेल तर तो वेगळा. आपली गाडी २ टनांची आणि चिखल पहिल्या दोन पायऱ्यांच्या मधला, म्हणजे २ ते ४ टनांची ओढ. ही ओढ फावड्याने खाली आणता येते आणि फावड्याने दोर तुटत नाही.

पोटाखालचा बांध खणला, चारही चाकांच्या मागे उतार काढून दिला, त्यात दगड आणि पेंढा दाबला. टायरमधली हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली, म्हणजे टायर पसरट होऊन जास्त जमीन धरतो. अर्धा तास गेला.

मग ट्रॅक्टर मागच्या बाजूला मुरमावर आणला. दोर ट्रॅक्टरला कुठे लावायचा यावर पुन्हा थोडी वादावादी झाली, आणि इथे आप्पांच्या जिवाचा प्रश्न होता म्हणून मी ती सविस्तर सांगतो. वरच्या लिंकला किंवा ॲक्सलच्या वर कुठेही दोर बांधला आणि गाडी हलली नाही, तर ट्रॅक्टरची मागची चाके जमीन धरून राहतात आणि ट्रॅक्टर स्वतःच्या ॲक्सलभोवती फिरून पुढून उचलला जातो, मागे उलटतो. सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून ओढ नेहमी ॲक्सलच्या खाली असलेल्या ड्रॉबारवरूनच घ्यायची. आप्पांना हे ठाऊक होते. घाईत साखळी वर अडकवायची सवय लागली होती इतकेच.

साखळी बाजूला ठेवली. करडा बेल्ट घेतला. या बेल्टच्या रंगाला अर्थ असतो: जांभळा १ टन, हिरवा २, पिवळा ३, करडा ४, लाल ५. हा आकडा उचलायच्या सुरक्षित वजनाचा, तुटायची ताकद त्याच्या सातपट. पण हा पॉलिएस्टरचा असतो, ताणत जवळजवळ नाही. म्हणजे झटका द्यायचा नाही, सावकाश एकसारखे ओढायचे. दुकानातले शॅकल वापरले नाहीत, कारण त्यांच्यावर भार किती हे कुठेच कोरलेले नव्हते. बेल्टचा एक डोळा सरळ गाडीच्या हुकात घातला, दुसरा ड्रॉबारच्या पिनेत, धारेवर घासू नये म्हणून मध्ये गोणपाटाची घडी. बेल्टवर मधोमध ओले पोते टाकले. माणसे बाजूला, बेल्टच्या लांबीच्या दीडपट अंतरावर आणि रेषेच्या बाहेर. गाडीत फक्त डॉक्टर.

आप्पांनी पहिल्या लो गिअरमध्ये बेल्ट आधी ताठ केला, मग हाफ क्लच सोडत नेला. डॉक्टरांनी रिव्हर्समध्ये, लो रेंजमध्ये (कमी वेगाच्या, जास्त जोराच्या गिअरात), नुसती साथ दिली. गाडी एका दमात वर आली, कुठलाही आवाज न करता.

फुटलेला बांध त्याच संध्याकाळी सगळ्यांनी मिळून घातला. खाचरातले पाणी निघून गेले असते तर त्या घरचे भात गेले असते, म्हणून ते आधी आणि चहा नंतर.

कडी का उपटली

पुढच्या आठवड्यात अंबडच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये चारही गाड्या पिटवर, म्हणजे गाडी खालून पाहायच्या खड्ड्यावर, घेतल्या. डॉक्टरांच्या बंपरची गोष्ट आधी सांगतो, कारण असे बंपर गावोगाव बसवलेले दिसतात.

कडी चांगली जाड होती. ती वेल्ड केली होती एका पट्टीला, पट्टी वेल्ड केली होती बंपरच्या ३ मिमी पत्र्याला, आणि पट्टीमागून फक्त दोन एम८ (८ मिमीचे) बोल्ट बॉडीच्या एका कोनाकडे गेलेले होते. चासीच्या रेलशी, म्हणजे तिच्या लांब तुळयांशी, संबंध शून्य. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा कुठलाच आकडा नव्हता, म्हणजे साधे माइल्ड स्टीलचे धरायचे. एम८ बोल्टचे भार घेणारे क्षेत्रफळ ३६.६ चौरस मिमी. साध्या स्टीलची ताकद दर चौरस मिमीला ४०० न्यूटन धरली आणि आडव्या कातरीसाठी त्याच्या ६० टक्के घेतले, तर एक बोल्ट सुमारे ९०० किलोला जातो. दोन मिळून १.८ टन. चिखलाची ओढच २ ते ४ टनांची होती. झटका दिला नसता तरी ही कडी टिकली असती असे मला वाटत नाही.

आणि झटक्याने किती भर पडली? २ टनांचा ट्रॅक्टर ताशी ५ किमी वेगाने, म्हणजे माणूस झपझप चालतो तेवढ्याच वेगाने निघाला आणि साखळी ताठ झाल्यावर ३ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी साडेसहा टनांचा फटका बसतो. क्षणभराचा कमाल फटका त्याहून बराच मोठा. तोच ट्रॅक्टर ताणल्या जाणाऱ्या दोराने ४० सेंटिमीटरमध्ये थांबला, तर सरासरी अर्धा टन. चाकांची सततची ओढ यात धरलेली नाही, हिशेब ढोबळ आहे, पण फरक कुठे आहे ते दिसते. साखळी ताणत नाही, म्हणून ती भार वाढवते. तिच्यापुढे बंपरची पट्टी म्हणजे पापड.

सगळ्यात वाईट गोष्ट पिटवरच कळली. पुढच्या बाजूला कंपनीचा, चासीला लावलेला हुक होता. नवा बंपर नीट बसावा म्हणून तो बसवणाऱ्याने काढून टाकला होता. म्हणजे खरी जागा काढून तिथे दिखाऊ जागा लावली होती, आणि मालकाला याची कल्पनाही दिलेली नव्हती.

बाकी गाड्यांत काय सापडले

जिम्नीचे हुक जागेवर आणि घट्ट. त्यात सांगण्यासारखे काही नाही.

बोलेरोला मागे छोटी ट्रॉली ओढण्यासाठी बॉल बसवलेला होता. भाऊ फसलेल्या गाड्या त्या बॉललाच दोर टाकून काढायचे. हे ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ट्रॉलीचा बॉल खालच्या दिशेचे वजन आणि रस्त्यावरची सरळ ओढ यासाठी असतो. झटक्याने त्याची मान तुटली तर ताणलेला दोर तो बॉल गोळीसारखा सोडतो. ऑस्ट्रेलियात अशा प्रसंगांत माणसे गेली आहेत. भाऊंना हे सांगितल्यावर त्यांनी ट्रॉली नसेल तेव्हा बॉल काढूनच ठेवायचा असे ठरवले. बॉल दिसला की घाईच्या वेळी कोणीतरी दोर तिथेच टाकणार, म्हणून हा उपाय मला पटला.

मोनोकॉक गाडीचा प्रश्न अवघड होता. तिच्या पुढच्या बंपरवर एक छोटे झाकण आहे, त्यामागे आटे. टूलकिटमधली टोचनची आय, म्हणजे कडी, तिथे फिरवून बसवायची. ती बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावर सरळ रेषेत ओढून न्यायला दिलेली आहे. चिखलातून उपसायला नाही, तिरकी ओढ घ्यायला तर नाहीच. खालच्या बाजूला आणखी एक कान दिसतो, तो गाडी ट्रेलरवर घालून नेताना बांधायचा; त्यावर खाली दाबणारा ताण येतो, आडवा नाही. मालकांचा आग्रह होता की इथेही काहीतरी वेल्ड करून घ्यावे. पण या गाडीच्या पुढच्या तुळईमागे अपघातात चेपण्यासाठीच ठेवलेले भाग असतात. तिथे जाड पट्टी बसवली तर टक्कर झाली की ती कशी वागेल हे कोणीच सांगू शकत नाही. म्हणून निर्णय झाला: ही गाडी मुरमापर्यंत येईल, त्यापुढे तिची माणसे दुसऱ्या गाडीत बसतील. त्यांना हा निर्णय मनाला लागला. तरी त्यांनी तो मानला.

जागा कशी नव्याने बसवली

वर्कशॉपवाले म्हणाले, “आम्ही १० मिमीची पट्टी कापून देतो, चासीला वेल्ड मारतो, हत्ती बांधा.” माणूस प्रामाणिक होता आणि त्याचा वेल्ड देखणा होता. तरी नको म्हटले, दोन कारणांनी. चासीच्या रेलला जागेवर वेल्ड केले की तापलेल्या भागात स्टीलचा गुण बदलतो, तडा पुढे तिथूनच जातो. आणि तो वेल्ड किती टन घेईल याची चाचणी करायची सोय आमच्याकडे नव्हती.

त्यापेक्षा डॉक्टरांनी लोखंडी बंपरच उतरवला. त्याला कायद्याचेही कारण होते. मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करू देत नाही, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड व बुल बारवर कारवाई करावी असे राज्यांना कळवलेले आहे. कंपनीचा बंपर परत बसला, त्याबरोबर कंपनीचा काढलेला हुकही नशिबाने सापडला तो परत बसला. दुसऱ्या बाजूच्या रेलला त्याच गाडीसाठी बनवलेला, भार कोरलेला रिकव्हरी पॉइंट विकत घेऊन लावला: चार एम१२ बोल्ट, डोक्यावर १०.९. असा एक बोल्ट कातरीत सुमारे ५ टन घेतो, म्हणजे बोल्ट आता सगळ्यात कच्चा दुवा राहिला नाही. रेल पोकळ चौकोनी असते, बोल्ट आवळला की ती चेपते. म्हणून आत नळीचे तुकडे घालून बोल्ट त्यातून काढले. हे तुकडे घातले की नाही हे बाहेरून दिसत नाही. काम चालू असताना उभे राहून पाहावे लागते.

दोन जागा झाल्यामुळे ओढ दोन्ही रेलवर वाटता येते. त्यासाठी दोन टोकांचा पट्टा लागतो आणि तो लांब हवा. दोन टोकांमधला कोन ६० अंशांच्या आत असेल तर प्रत्येक बाजूला ५८ टक्क्यांपर्यंत भार येतो. आखूड पट्टा लावून कोन १२० अंश केला, तर दोन्ही जागांवर पूर्ण भार येतो आणि शिवाय रेल आत ओढल्या जातात. वाटणी करायला गेलो आणि काहीच वाटले नाही, असे होते.

सामान निवडताना

जागा पक्क्या झाल्यावरच खरेदीची यादी केली. बहुतेक लोक उलटे करतात: आधी जाहिरात पाहून १२ टनांचा दोर घेतात आणि मग तो अडकवायला कडी शोधतात. दोराचा आकडा जितका मोठा तितका जास्त भार तो कच्च्या कडीपर्यंत पोचवतो.

विंचवर सगळ्यात जास्त चर्चा झाली. सरांना विंच, म्हणजे मोटरने ड्रमवर दोर गुंडाळून गाडी ओढणारे यंत्र, हवा होता. त्याची ताकद गाडीच्या पूर्ण वजनाच्या निदान दीडपट लागते, तीही ड्रमवरच्या पहिल्या थराला मिळते, थर वाढले की घटते. तो बसवायला पुन्हा लोखंडी बंपर, पुढच्या सस्पेन्शनवर वजन, आणि समोर बांधायला झाड. आपल्या भातखाचरांच्या पट्ट्यात बांधावर झाड असले तरी ते शेतकऱ्याचे आंब्याचे किंवा सादड्याचे. विंच नको ठरला. गट नेहमी दोनपेक्षा जास्त गाड्यांनीच जातो, हे त्यामागचे मुख्य कारण. एकट्याने फिरणाऱ्याने वेगळा निर्णय घेतला तर तो मला चूक वाटणार नाही.

मग नायलॉनचा कायनेटिक दोर. तो ३० टक्क्यांपर्यंत ताणतो, वेग साठवतो आणि गाडीला हळूच उपसतो. जाडी किती? तुटायची ताकद दोन गाड्यांपैकी हलक्या गाडीच्या पूर्ण वजनाच्या दुप्पट-तिप्पट असावी, असा प्रचलित नियम. जिम्नीसाठी ४.६ टनांपर्यंत, डॉक्टरांच्या गाडीसाठी ६ टनांपर्यंत. दुकानदार २२ मिमीचा, १२ टनांच्या वरचा दोर पुढे करत होता. पण दीड टनाच्या गाडीला तो ताणवणारच नाही. मग तो जवळपास साखळीसारखाच वागतो. आम्ही १६ मिमीचा, ९ मीटरचा, सुमारे ६ टनांचा घेतला. ओला झाल्यावर नायलॉनची ताकद दहा-पंधरा टक्के घटते, तेही यात धरले.

शॅकल १९ मिमीचे, ४.७५ टनांचा भार आणि कंपनीची खूण कोरलेले बो शॅकल, सातपूरच्या लिफ्टिंग टॅकलच्या दुकानातून, चाचणीच्या कागदासह. पिन पूर्ण आवळून मग किंचित मागे फिरवायची, नाहीतर ओढीनंतर ती हाताने सुटत नाही. दोर गाडीकडे सुटला तर वजनदार लोखंड उडू नये म्हणून दोन सॉफ्ट शॅकलही घेतले, विणलेल्या दोराचे, मूठभर वजनाचे. दोन दोर जोडायची वेळ आली तर मध्ये लोखंडी शॅकल कधीच घालायचा नाही, यावर सगळ्यांचे एकमत झाले.

याशिवाय रिकव्हरी ट्रॅकची, म्हणजे फसलेल्या चाकाखाली घालायच्या पट्ट्यांची, एक जोडी, लांब दांड्याचे फावडे, टायरची हवा मोजायचे गेज आणि हवा भरायचा छोटा पंप. करडा बेल्ट ठेवला, तो सावकाश ओढीला आणि झाडाला गुंडाळायला. साखळी यादीत नाही. उंच जॅकही नाही; आजच्या प्लॅस्टिक बंपरच्या गाड्यांना तो लावायला जागा नसते आणि चिखलात तो घसरतो.

परिणाम

परतीच्या पावसात निफाडच्या बाजूला, काळ्या मातीत, भाऊंचीच बोलेरो बसली. या वेळी आधी खणले, हवा उतरवली, ट्रॅक घातले. त्यातच ती निम्मी बाहेर आली. मग डॉक्टरांच्या गाडीने कायनेटिक दोराने ओढले. दोरात एक-दीड मीटर ढील, वेग चालण्याएवढा. पहिल्या ओढीला हलली, दुसरीला निघाली. बोनेट उघडे ठेवले होते, काच वाचावी म्हणून. माणसे लांब उभी होती.

एक गोष्ट मात्र मनासारखी झाली नाही. सॉफ्ट शॅकल नव्या पॉइंटच्या पट्टीतल्या भोकातून घातला होता. भोकाची कड लेझरने कापलेली, पुरेशी गोल न केलेली. दोनच ओढींत त्याचे काही धागे कापले गेले होते. तो शॅकल बाद केला. आता पट्टीत लोखंडी बो शॅकल आणि त्याच्या गोल बाजूत सॉफ्ट शॅकल किंवा दोराचा डोळा, अशी रचना आहे. त्यामुळे गाडीच्या टोकाला लोखंड आलेच, पण पॉइंट सुटला नाही तर ते उडत नाही.

काळी माती दोराच्या विणीत शिरते आणि सुकल्यावर आतून धागे कापते. दोर घरी आणून साध्या पाण्यात खळबळून, सावलीत वाळवला. हे काम भाऊंच्या घरच्यांनी हौसेने अंगावर घेतले आहे.

वेगळे काय करता आले असते

पाणंदीवर गाडी घालण्याआधी कोणी तरी उतरून काठीने मुरूम ठोकून पाहिला असता तर पोकळी लगेच कळली असती. आप्पांच्या पोराला ती ठाऊकही होती. त्याला कोणी विचारले नाही.

साखळी अडकवण्याआधी कोणीही वाकून कडीच्या मागे पाहिले नाही. पाहायला मिनिटभर लागले असते: बोल्ट कुठे जातात, चासीपर्यंत जातात का, डोक्यावर आकडा आहे का. हीच तपासणी बंपर बसवून घेतानाही, पैसे देण्याआधी करता आली असती.

पहिल्या ओढीला गाडी हलली नाही, तेव्हा थांबायला हवे होते. खणायचे सोडून झटका दिला, तिथे प्रकरण बिघडले. झटक्याचा निर्णय आप्पांनी घेतला असे म्हणणे सोपे आहे, पण ते मदतीला आलेले होते. ओढायची सूत्रे कोणाच्या हातात आहेत हे गटाने ठरवलेच नव्हते. आता एकच माणूस हातवारे करतो आणि तो हात वर करेपर्यंत दोन्ही चालक क्लच सोडत नाहीत. बघे हटल्याशिवाय तो हात वर करत नाही.

जिम्नीने डॉक्टरांची गाडी ओढायची वेळ आली तर काय, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. हलक्या गाडीने जड गाडी उपसायची तर वेग वाढवण्याचा मोह होतो, आणि वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते. सरांचे म्हणणे, तेव्हा पुली आणि झाड वापरावे. भाऊंचे म्हणणे, सरळ जवळचा ट्रॅक्टर बोलवावा आणि बेल्ट लावावा. मी भाऊंच्या बाजूचा आहे. मे महिन्यात, पावसाआधी, चारही गाड्या पुन्हा पिटवर जाणार आहेत: बोल्ट टॉर्क पानाने तपासायचे, रंग उडवून पट्ट्यांना तडे पाहायचे, दोरावर हात फिरवून अंदाज घ्यायचा आणि नव्या पॉइंटच्या भोकाची कड कानशीने गोल करून घ्यायची.